दोनशे जास्त

रोममध्ये नवा पोप निवडल्याचा पांढरा धूर निघाला आणि इकडं शिवाजी पेठेत अगाथाच्या आशेला पालवी फुटली. पहिला नवरा टाकून गेल्यावर तिनं सायमनशी लग्न केलं होतं. पहिला नवरा जिवंत असताना दुसरं लग्न चर्चला मान्य नव्हतं. म्हणून गेली पंधरा वर्षं चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला, मिस्साला, सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत उभे राहत आणि ती शेवटच्या बाकावर बसून असे.

"ह्यो पोप मोठ्या मनाचा दिसतोय. आता आमच्यासारख्यांना बी प्रसाद देतील बघा," ती म्हणाली.

"मागच्या पोपच्या येळंला बी हेच म्हणालीस की," सायमन चहा फुंकत म्हणाला. "पोप बदलला, तुझा बाक बदलला काय?"

तरी रविवारी तिनं फादरना गाठलंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगाथाताई, माझ्या हातात असतं तर आजच दिला असता. पण वरून नियम बदलेपर्यंत थांबायला हवं."

मग ते तिला फाटकापर्यंत सोडायला आले.

"आणि हो, पुढच्या रविवारी नव्या पोपसाठी खास मिस्सा आहे. गर्दी होणार. दोनशे जास्त करा."



अगाथानं घरी येऊन पीठ कालवलं, प्रसादाच्या दोनशे जास्त चकत्या भाजून गोल कापल्या, डब्यात भरल्या, आणि कापून उरलेल्या कडा नेहमीसारख्या चहाबरोबर खाल्ल्या.