एकशेबारावं पान

"रोज कादंबरीचं एक पान! घराला आग लागली तरी आधी पान, मग पाणी," असं तो ऑफिसात छातीठोकपणे सांगायचा. तिथं त्याचं नावच एकपानी पडलं होतं. एकशेअकरा दिवस त्यानं शब्द पाळला. एकशेबाराव्या दिवशीही पाळला. फक्त ते पान आता हॉस्पिटलच्या मालकीचं झालं होतं.

"माझा एक कागद हवा होता," नोंदी विभागाच्या खिडकीत वाकून तो म्हणाला. "वडिलांच्या फाइलला लागलाय."

कारकुनानं चष्मा कपाळावर सरकवला. "फाइल पेशंटची, तर कागदही पेशंटचा. पेशंटच्या सहीचा अर्ज आणा."

"पेशंट गेले. आज सकाळी सातला."

"अरेरे." कारकुनानं दोन सेकंद मान खाली घातली. "मग नमुना ब."

मागं बाकावर धाकटी बहीण बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास, वडिलांच्या चपला आणि कवळीची डबी. वडिलांना न्यायची गाडी यायला अजून अर्धा तास होता. ती सकाळपासून चार वेळा रडली होती. एकपानी एकदाही नाही. त्याला सगळं काचेपलीकडून चालल्यासारखं दिसत होतं, आणि इथं तर काच खरोखरच होती.

झालं होतं एवढंच. काल चारला, भेटायच्या वेळेत, त्याची वही वॉर्डातल्या मावशींच्या फिनेलच्या बादलीत पडली. आता ती घरी दोरीवर वाळत होती. तेव्हा वडीलच म्हणाले होते, "त्या तक्त्यामागं लिही की. माझा ताप कोण बघतंय?" म्हणून पलंगाला अडकवलेला तापाचा तक्ता काढून त्यानं मागच्या कोऱ्या बाजूवर पान एकशेबारा लिहिलं. कादंबरी होती एका चोराची. कुठल्याही घरात शिरला की त्याला झोप लागायची. पान झालं की वाचून दाखवायचं आणि वडिलांनी नाक मुरडायचं, हा रोजचा क्रम. काल मात्र शेवटच्या ओळीशी गाडी अडली, आणि डोळे मिटलेलेच ठेवून ती ओळ वडिलांनीच सांगितली. त्यानं लिहून घेतली. दोघं एवढे हसले की वडिलांना उबळ आली. सिस्टर धावत आल्या, त्याला बाहेर काढलं आणि तक्ता परत पलंगाला लावला.

आता त्याला सगळं आठवत होतं. ऑक्सिजनची बुडबुड, बादलीचा रंग, वडिलांच्या अंगठ्याचं वाढलेलं नख. तेवढी ओळ आठवत नव्हती.

"कागदाशी नातं?" कारकून फॉर्म भरत होता.

"मी लिहिलाय तो."

"तसा रकाना नाही. वारस, विमा, पोलीस. यातलं बोला."

"वारस."

कारकुनानं फाइल काढली, चाळली आणि त्याचा चेहरा खुलला. "हां, झोपाळू चोर! तरी म्हटलं, डॉक्टरांचं अक्षर लागतंय कसं."

"वाचलंत?"

"वाचल्याशिवाय शिक्का मारता येत नाही. शेवटी मात्र हसू आलं हं."

एकपानीनं खिडकीची कड धरली. "शेवटची ओळ काय होती?"

"तोंडी माहिती देत नाही आम्ही. सत्यप्रत मिळेल."

बहीण उठून जवळ आली. "दादा, बाबा खाली एकटे आहेत. आणि तू झेरॉक्स काढत बसलायस?"

"एकच पान आहे."

"अरे, रड तरी एकदा."

"रडतो. एवढं झालं की."

प्रत आली. गोल शिक्का, सही, तारीख, सगळं जागच्या जागी. कागदावर ठिपके होते, ठिपक्यांना जोडणारी रेघ होती. तापाचा तक्ता. त्यानं उलटून पाहिलं. कोरा.

"साहेब, मला मागची बाजू हवी होती."

"मागची बाजू नोंदीत धरत नाहीत," कारकून म्हणाला आणि जेवणाच्या सुट्टीची पाटी लावून त्यानं खिडकी ओढली.

एकपानी बाकावर येऊन बसला. ठिपके चढत होते, उतरत होते. शेवटचा सकाळी सहाचा होता. नॉर्मल.

"पेन आहे?" त्यानं विचारलं.

बहिणीनं पिशवीतून काढून दिलं. त्यानं कागद उलटा केला, वर ११३ टाकलं आणि लिहायला लागला. चोराला जाग आली होती आणि घरात कुणीच नव्हतं. बहीण थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं थर्मासचं झाकण त्याच्या कागदाखाली आधाराला धरलं. ते गोल होतं, त्याचा काही उपयोग नव्हता, पण तिनं धरून ठेवलं. पान संपलं. सवयीप्रमाणं त्यानं खाली सही करून तारीख टाकली.

खिडकी उघडली.

"अहो वारस! प्रत मिळाल्याची पोच राहिली." एकपानी कागद हातात घेऊनच खिडकीशी गेला. कारकुनानं हात बाहेर काढला, कागद ओढून घेतला आणि खालची सही बघितली. "केलीत पण सही? छान. हा कागद आमच्याकडे राहतो."

"अहो, ते..." बहीण म्हणाली. तेवढ्यात खालून गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

कारकुनानं फाइल उघडली. तक्त्याची मागची बाजूच वर आली. एकपानी काचेला नाक लावून वाकला. शेवटच्या ओळीवर कारकुनाचा अंगठा होता.

त्यानं नव्या कागदाला दोन भोकं पाडली. एकशेबाराच्या मागं एकशेतेरा बरोबर लागलं.