घासलेला डॉलर

"हू क्लीन्ड धिस?" केनेथने भिंग डोळ्यापासून दूर केलं. हा नाण्यांचा व्यापारी टोरांटोहून किचनर शहरात निमिषच्या घरी एकाच नाण्यासाठी आला होता: १८९३चा चांदीचा अमेरिकन डॉलर, पाठीवर सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीचा बारीकसा एस. सव्वाशे वर्षांत चढलेली निळसर-करडी झाक गेल्या रविवारपर्यंत त्यावर होती. निमिषने स्वतः फोटो काढून पाठवला होता. आता डॉलर स्टीलच्या वाटीसारखा लखलखत होता.

निमिष गर्रकन वळला. "आई!"

मंदाकिनी सिंकपाशी उभी होती. हातात जुना टूथब्रश, शेजारी देवांची चांदीची भांडी. "उद्या लक्ष्मीपूजन ना रे. म्हटलं, घरातली सगळी चांदी घासून टाकू. टूथपेस्टने छान निघते."

घासलेलं नाणं म्हणजे नुसती चांदी, असं म्हणून केनेथने कोट चढवला आणि गेला. त्याच्याबरोबर निमिषचा कॉन्डोही गेला. पैसे हातात यायच्या आत पठ्ठ्याने कोणता मजला घ्यायचा तेही ठरवलं होतं. बाजारात तुरी, दुसरं काय! आईला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. छंद बाबांचा. ते २०१६मध्ये गेले. आता तिला त्या नाण्यांचं काय?

"बाबांनी तीस वर्षं जमवलेली नाणी, आई! घासल्यावर व्हॅल्यू झीरो होते, एवढंही कळत नाही तुला?"

निमिषने रागारागाने डॉलरचं रिकामं पाकीट उचललं. वर बारीक अक्षरात टिपण होतं: कुठल्या प्रदर्शनात मिळाला, कडेला ओरखडा कुठे आहे. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, 'खबरदार, घासायचं नाही.' त्याने नाण्यांच्या डब्यातली बाकीची पाकिटं उपसली. सगळ्यांवर तेच अक्षर. बाबांचं नव्हे. समोर फळीवरच्या डब्यांवर त्याच अक्षरात लिहिलं होतं: गोडा मसाला, धने, मेतकूट.

निमिषने वर पाहिलं. आईचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

"कळतं रे. बाबांना मीच शिकवलं. ते बिचारे मला प्रदर्शनांना न्यायला गाडी चालवायचे. हे एक घासताना जीव तुटला माझा." तिने ब्रशवर पुन्हा पेस्ट घेतली. "पण परत मला न विचारता गिऱ्हाईक आणलंस, तर उरलेली एकोणचाळीसही घासीन."