पाचवा मुद्दा

“आणि पाचवा मुद्दा,” मॅनेजर म्हणाला, “चूक झाली तर लगेच सांगून टाकायची. लपवायची नाही.”

हा मुद्दा त्याने कुठल्याशा पुस्तकातून उचलला होता. आधीचे चार मात्र स्वतःच्या पदरचे होते. दहा मिनिटं आधी या, शेजारच्या टेबलावरचं कामही शिकून घ्या, अडलं तर विचारा, आणि केलेलं काम वरच्यांच्या नजरेस पडेल असं बघा. चारांवर थांबला असता तरी चाललं असतं. पण पाच म्हटलं की जरा भरल्यासारखं वाटतं.

कपडे शिवायच्या त्या कारखान्यात आज सोळा नवी मुलंमुली रुजू झाली होती. कटिंगच्या लांबलचक टेबलासमोर दोन रांगांत ती स्टुलांवर बसली होती. दारापाशी मालक उभे होते आणि भलतेच खुशीत होते. सकाळीच त्यांनी मॅनेजरला बाजूला घेतलं होतं. “नवं युनिट तुमच्याकडेच द्यायचं म्हणतोय. बोला जरा पोरांशी. चिंध्या गोळा करणारा माणूस कुठवर जातो, ते कळू दे त्यांना.”

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. मघापासून ती शब्दन्‌शब्द वहीत उतरवून घेत होती. मॅनेजरला ते आवडलंही होतं.

“सर, पण चूक आपली आपल्यालाच कळली नाही तर? म्हणजे... माझ्या बाबांचं तसंच झालं. ते इथेच कटिंग मास्तर होते. ती कॉर्डरॉयच्या पँटींची ऑर्डर वाया गेली ना, ती त्यांच्या हातून.”

“अरे, तू मास्तरांची मुलगी?” मालक दोन पावलं पुढे आले. “सोन्यासारखा माणूस गं. एकदाच घसरला.”

“हो,” ती म्हणाली. हे वाक्य तिने बऱ्याच जणांकडून ऐकलं असावं.

मॅनेजरने टेबलावरची कात्री उगाच सरळ करून ठेवली.

कॉर्डरॉयला लव असते. तिची दिशा उलटी झाली की एकाच कापडाचे दोन रंग दिसायला लागतात. म्हणून पँटचे सगळे भाग एकाच दिशेने मांडायचे. मास्तरांनी कापडाच्या थरांवर पसरायच्या कागदावर तशीच मांडणी आखली, खाली सही केली आणि त्या दुपारी ते लेकीच्या शाळेत काही काम होतं म्हणून लवकर गेले. मागे त्यांच्या हाताखालच्या माणसाने जरा डोकं चालवलं. एक पाय उलटा फिरवला की दर थराला वीतभर कापड वाचत होतं, आणि ते मालकांना दाखवून त्याला शाबासकी मिळवायची होती. त्याने मास्तरांच्या रेघा खोडल्या, नव्या ओढल्या आणि थर कापून मोकळा झाला. कापडाबरोबर वरचा कागदही कापला जातो. मागे उरतात फक्त चिंध्या.

चार दिवसांनी पँटी शिवून उजेडात आल्या. प्रत्येकीचा एक पाय गडद, एक फिका. मांडणी कोणाची, असं मालकांनी विचारलं. मास्तर म्हणाले, माझी. हाताखालचा माणूस शेजारीच उभा होता. महिनाभरात मास्तर घरी बसले आणि त्यांच्या टेबलाशी तो उभा राहिला. तोच आता नव्या मुलांसमोर उभा राहून चूक कबूल करण्याचे फायदे सांगत होता.

“सर?” मुलगी म्हणाली.

चार शब्दांचं काम होतं. ‘ती चूक माझी होती.’ मालकही समोर होते, सोळा साक्षीदार होते, आणि मुद्दा तर त्याने आत्ताच शिकवला होता. त्याने तोंड उघडलं. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे बघून हसले.

“प्रत्येक साच्यावर बाण काढायचा,” त्याच्या तोंडून निघालं. “सगळे बाण एकाच दिशेला आहेत ना, ते कापण्याआधी दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचं. आपल्या डोळ्यांवर विसंबायचं नाही.”

“वा!” मालक म्हणाले.

सल्ला अगदी चोख होता. त्यात खोटा शब्द एकही नव्हता, आणि त्यामुळेच मॅनेजरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीने मान खाली घालून ते सगळं लिहून घेतलं. बाणाचं एक लहानसं चित्रही काढलं. तिची बोटं थेट बापासारखी होती, लांब आणि टोकाला चपटी. त्याला तिकडे बघवेना.

“मास्तर... बरे आहेत ना?” त्याने विचारलं.

“बरे आहेत. घरीच पडदे शिवतात.” तिने वही मिटली आणि पहिल्यांदाच ती मोकळेपणाने हसली. “हे आज त्यांना वाचून दाखवते सर. काम नसलं ना, की ते अजूनही वर्तमानपत्रातून पँटचे पाय कापतात आणि फरशीवर मांडून बघत बसतात. म्हणतात, मी तो उलटा ठेवलाच कसा?”