धक्क्यावरचा थर्मास

ईरी सरोवरावरच्या थव्यात एका बदकाच्या डोक्यामागे मला लोंबती शेंडी दिसली. शेंडी बदक आमच्या ओहायोत वाट चुकूनच येतं. थर्मासच्या झाकणात नुकतीच ओतलेली कॉफी धक्क्यावर ठेवून मी कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत त्यानं बुडी मारली. “कसली शेंडी? वाऱ्यानं पिसं विस्कटलीत,” वेंडेल म्हणाला. “नेहमीचंच आहे ते. बोटं गारठलीत तुझी, घरी जा म्हाताऱ्या.” वीस वर्षं आम्ही जोडीनं पक्षी बघतोय, म्हणून निघालो. संध्याकाळी माझा विसरलेला थर्मास घेऊन तोच दारात उभा. “धक्क्यावर राहिला होता. उद्या डोकं विसरशील.” मी त्याला सूप पाजलं. आज आमच्या पक्षी क्लबात फोटो लागलाय: ‘जिल्ह्यातील पहिलं शेंडी बदक. शोध, छायाचित्र: वेंडेल.’ मी गेल्यावर नंतर कधीतरी दिसलं असेल त्याला, म्हणत मीही टाळ्या वाजवल्या. मग जवळ गेलो. बदक सुरेख आलंय, शेंडीसकट. मागे धक्क्यावर माझा थर्मास आहे. झाकणातल्या कॉफीतून अजून वाफ निघतेय.