कानामागची पट्टी

विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन्ही नातू अंगणात समोरासमोर उभे राहिले, तेव्हा हौसाबाई ज्वारी निवडत होती.

संग्राम ओरडला, "तुझा..." आणि कळवळून खाली बसला. 'तुझा' चालायचं, 'मुडदा' चालायचं. पण मेंदूत ते दोन शब्द एकत्र येऊ लागले, की ओठांपर्यंत पोचायच्या आधीच कानामागची पट्टी झटका द्यायची. सरकार ती बाळाला बारशाच्या दिवशीच लावायचं. सत्तरीपुढच्यांना तेवढी माफी होती.

हौसाबाईला नवरा आणि दीर आठवले. याच विहिरीवर उभे राहून दोघे तासभर एकमेकांचे मुडदे बसवायचे आणि घसा बसला की तिच्याकडे चहा मागायचे.

संग्राम गप्पच उठला. त्याने भिंतीवरचा कोयता काढला. चुलतभाऊ विश्वजितने कुदळ उचलली.

हौसाबाईने सूप टाकलं, धावत जाऊन संग्रामच्या कानामागे नखं रुतवली आणि कातडीसकट पट्टी ओरबाडून काढली. रक्त तिच्या मनगटावर ओघळलं.

"आता दे शिव्या, मुडद्या! घसा फुटेस्तोवर दे! म्हण, तुझा मुडदा बसवला!"

"तुझा..." संग्रामचे ओठ थरथरले. "मुडदा... तुझा... आजी, जमत नाही गं."

तीस वर्षांत त्याच्या मेंदूने रागाचं एकही वाक्य जोडलं नव्हतं.

"म्हण रे, माझ्या राजा," ती विनवू लागली.

त्याने तिला अलगद बाजूला सारलं आणि विश्वजितच्या मानेवर कोयता घातला.