टोएचा सलाम

कॅप्टन टोएने कडक सलाम ठोकला आणि जनरल नाकुल्माच्या हातातला घास हातातच राहिला.

फाटकाशी जीप उभी होती, तिच्यात शिपाई. रेडिओवर सकाळपासून लष्करी बँड वाजत होता आणि अध्यक्ष कुठे आहेत ते कुणीच सांगत नव्हतं. जनरलला त्याचं काही वाटलं नव्हतं. लष्कराची अशी तीन बंडं त्याने पाहिली होती. दर वेळी वारा ओळखून तो जिंकणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि बढती घेऊन घरी आला. या खेपेला जीपमधून टोए उतरताना दिसला, तेव्हा फाटक उघडायला जनरलनेच सांगितलं.

कारण जनरल मोसी आणि टोए सामो. या दोन जमातींचं नातं थट्टेचं, पणजोबांच्याही आधीपासूनचं. भेटला की गुलाम म्हणायचं, कुत्रेखाऊ म्हणायचं. हुद्दा बघायचा नाही, राग धरायचा नाही, आणि एकमेकांचं रक्त सांडायचं नाही. भर परेडनंतर टोएने "काय रे गुलामा, पोट सुटलं की तुझं!" म्हटलेलं अख्ख्या छावणीने ऐकलं होतं.

"ये रे कुत्रेखाऊ!" जनरल म्हणाला. "वास आला वाटतं? आज कुत्र्याचं मुंडकं नाही शिजवलं. बाजरीचा गोळा आणि भेंडीचं कालवण आहे."

एक शिपाई फिसकन हसला. टोए हसला नाही.

"साहेब, आपल्याला छावणीत यायचंय."

जनरलच्या बायकोने, पोकोने, पाण्याचा तुंबा पुढे केला. टोएने मान हलवली.

"अरे, मालकाच्या घरचं पाणी नाकारतोस? बघ गं पोको, तुझा दीर किती शेफारलाय!"

"गाडी थांबलीय, साहेब."

आता जनरल बोलतच सुटला. टोएच्या उंचीवरून बोलला, घोरण्यावरून बोलला, त्याच्या आजोबाच्या पडक्या दातांवरून बोलला. थट्टा कसली, गयावया होती ती. टोए बुटांकडे बघत उभा होता आणि प्रत्येक टोमण्याला एकच उत्तर देत होता, "हो, साहेब." मागच्या बंडात आपल्याच सेनापतीला न्यायला जनरल स्वतः गेला होता. तोही तेव्हा असाच अदबीने बोलला होता. सेनापती परत आले नाहीत.

"तुलाच का रे पाठवलं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"मला बघून तुम्ही फाटक उघडाल म्हणून." टोए बुटांकडे बघतच म्हणाला. "मी फक्त नेऊन सोडणार, साहेब. पुढचं दुसरे बघतील."

जनरलने हात धुतले, टोपी घातली. पोकोकडे त्याला बघवेना. मोसीच्या मयताला सामो येतात, गेलेल्याची नक्कल करतात, त्याला शिव्या घालतात आणि रडणाऱ्यांना हसवतात. बापाच्या मयताला टोएच्या बापाने सगळं अंगण हसवलं होतं, ते त्याला आठवलं.

जीपमध्ये पाय ठेवता ठेवता तो वळला.

"टोए, माझ्या मयताला तरी येशील ना?"

टोएने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मागे शिपाई ऐकत होते, तरी त्याने आवाज खाली केला नाही.

"येईन रे, गुलामा."