पंचफुलाकाकूंच्या घरची बॅग

"गाडी कारंज्यापर्यंत मी चालवतो. तिथून ट्रकमध्ये टाका अन् गोरखपूरले उतरवा," मयंक फोनवर सांगत होता. "प्लास्टिक नीट गुंडाळा. ओरखडा नोको."

आतल्या खोलीत त्याचे वडील चांदमलशेठ जैन रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवून घेत होते. घास हातातच राहिला. घरात कोणाला ऐकू जाईल याची मयंकला फिकीर नव्हती. फोन ठेवून तो सोफ्यावर आडवा झाला. अंगावर दुपारच्या सत्काराची शाल तशीच होती.

निघायच्या आधीच शेलूबाजारनं त्याचे इतके सत्कार केले होते की परत आल्यावर काय करणार, हा प्रश्नच होता. चौकात फ्लेक्स लागला होता. काळा चष्मा, हाताची घडी, मागं कुठला तरी बर्फाचा डोंगर आणि खाली 'शेलूबाजार ते नेपाळ, वाघाची झेप'. हा वाघ मोटरसायकलवर शेजारच्या मंगरुळपीरच्या पलीकडं कधी गेला नव्हता. त्या फ्लेक्सखालून किराणा दुकानात जाताना चांदमलशेठ मान खाली घालत. गिऱ्हाइकानं अभिनंदन केलं की त्यांचं तोंड कडू होई.

प्रवासाची सगळी आखणी सुनेची, कृतिकाची. नागपूरहून निघणारा गट तिनंच शोधला. सिवनी, जबलपूर, रीवा, गोरखपूर, मग सोनौलीची सीमा आणि पुढं पोखरा. मुक्काम कुठं, कांदा-लसूण नसलेलं जेवण कुठं, सीमेवर गाडीची परवानगी कशी काढायची, सगळं तिला तोंडपाठ होतं. धनजला माहेरी असताना ती वडिलांची मोटरसायकल घेऊन कारंज्याला कॉलेजात जायची. गाडीही तिच्याच नावावर होती. दुकानाच्या हिशेबाला ते बरं पडतं म्हणून चांदमलशेठनी तशी घेतली होती.

आधी दोघं जाणार होते. तिच्यासाठी हेल्मेटही आलं. मग मयंकनं फर्मान काढलं, "मागं बायको बसली की व्हिडिओत रायडर रायडर वाटत नाही." तिच्या जागेवर कॅमेऱ्याची बॅग आली. बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी गाडी आसेगावच्या रस्त्यानं फिरवून आणायचं काम मात्र तिच्याकडंच राहिलं, कारण साहेब नऊशिवाय उठत नसत.

मुहूर्त मयंकच्या आईनं, हीराबाईंनी, गुरुजींकडून काढून आणला. या बाबतीत त्या कोणाचंच ऐकत नसत. दिवस उत्तम निघाला, पण नागपूरचा गट त्यानंतर चार दिवसांनी निघणार होता. मग त्यांनी रीतीप्रमाणे प्रस्थान, घरच्या भाषेत पस्तान, ठेवलं. मुहूर्तावर प्रवासाची एक बॅग समोरच्या पंचफुलाकाकूंच्या घरी नेऊन ठेवली. बॅग घराबाहेर पडली की माणूस निघाला, असं धरायचं. मग पाच दिवसांत त्यानं खरोखरच निघायचं, आणि बॅग परत घरात आणायची नाही. उद्या शेवटचा दिवस होता.

चांदमलशेठ ताट सारून बाहेर आले.

"ट्रक कायले?"

"बाबूजी, एवढ्या उन्हात कंबर जाते. मी रेल्वेनं गोरखपूरले जातो. नेपाळात चालवतोच ना. मधातलं कोन पाहून राह्यलं?"

"अन् फ्लेक्सवर काय लिवलं?"

"सगळेच करतेत. उद्या पुढारी झेंडी दाखवायले येऊन राह्यले, ढोल सांगतला हाय. कारंज्यापर्यंत व्हिडिओ काढला की काम झालं."

तराजूच्या काट्याला बोट लावणारा एक नोकर चांदमलशेठनी मागं, सापडला त्याच दिवशी घरी पाठवला होता. त्या माणसाचं तोंड पुन्हा पाहू नये असं तेव्हा वाटलं होतं. आता तीच किळस पोटच्या पोराकडं पाहून येत होती, आणि याला घरी पाठवायची सोय नव्हती.

दारात कृतिका उभी होती. हातात मयंकसाठी भाजलेल्या खाकऱ्यांचा डबा. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे भरले नाहीत. तिलाही किळसच आली होती.

"नागपूरचे लोक सकाळी वाट पाहतील," ती म्हणाली.

"त्याहिले सांग, सीमेवर भेटतो." मयंकनं डोळे मिटले.

कृतिकानं डबा खाली ठेवला.

"बाबूजी, नागपूरपर्यंत तरी मी नेऊ का गाडी?"

चांदमलशेठनी खुंटीवरची चावी काढली. "गटात बायका हायेत ना?"

"दोघी आहेत."

"मंग नागपूरपर्यंत कायले? पुरी जाय." त्यांनी चावी तिच्या हातावर ठेवली.

मयंक ताडकन उठून बसला. शाल खाली पडली. बापापुढं आपली डाळ शिजणार नाही हे त्याला कळलं, तसा त्यानं स्वयंपाकघराकडं मोर्चा वळवला. मुहूर्ताला एरवी तो हसत असे.

"आई! पाहून राह्यली का हे? पस्तान माझ्या नावाचं ठेवलं, अन् कृतिका निघणार? केवढा अपशकुन हाय. सांग बाबूजीले."

हीराबाई पदराला हात पुशीत बाहेर आल्या. सगळे त्यांच्याकडं पाहू लागले. कृतिकाची मूठ चावीवर आवळली गेली. मुहूर्त मोडायला सासूबाई कधीच तयार होणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

हीराबाईंनी आधी सुनेच्या मुठीतली चावी पाहिली. मग त्यांनी पोराकडं पाहिलं.

"तुझ्या नावाचं कुठून?" त्या म्हणाल्या. "गुरुजीनं इचारलं, गाडी कोनाच्या नावावर? मी सांगतलं सुनेच्या. मंग त्याहिनं पत्रिका तिचीच पाह्यली, अन् बॅगीत मी ओढणी तिचीच ठेवली. सून तं तीन दिवसांआधीच निघाली."